फितूर डबी

१

बारा नंबरच्या डबीच्या झाकणाला चार स्क्रू होते आणि चारही स्क्रूंच्या खाचांत पुठ्ठ्याची बारीक भुकटी घट्ट बसली होती. भिंगातून पाहिलं तर ती खाचेच्या काठापर्यंत सपाट भरलेली दिसत होती. कुठे उकरल्याची खूण नव्हती, कुठे धातूची चकाकी नव्हती. म्हणजे ही डबी बसवल्यापासून कोणी उघडलेलीच नव्हती. दहा आणि तेरा नंबरच्या डब्यांचीही तीच स्थिती. मी भिंग खाली ठेवलं. मला काहीच कळेना, कारण मला बोलावलं होतं ते या डब्या कोणी उघडल्या हे शोधायला.

माझं काम उपकरणं तपासण्याचं. आमच्या प्रयोगशाळेत काटे, मापं, थर्मामीटर येतात. ते खरं बोलतात की नाही हे आम्ही पाहतो आणि शिक्का मारतो. या वेळी मात्र उपकरणं माझ्याकडे आली नव्हती, मीच त्यांच्याकडे गेले होते. लहान मुलांच्या लसी साठवण्याचं ते एका कुटुंबाचं शीतगृह होतं. खाली गार खोली आणि ऑफिस, वर घर. मालक अण्णा, जुने औषधविक्रेते. कारभार त्यांच्या मोठ्या मुलीकडे. तिला घरातले आणि बाहेरचेही ताईच म्हणत. धाकट्या भावाला सगळे धाकटाच म्हणत. गार खोलीतल्या डब्या ही त्याची करामत.

तळहाताएवढी एकेक डबी मांडणीच्या हुकाला टांगलेली असते. ती तापमान मोजते आणि बिनतारी संदेशाने शेजारच्या डबीला सांगते, ती पुढचीला. असं करत करत आकडा ऑफिसातल्या मुख्य यंत्रापर्यंत पोहोचतो. आता एखादी डबी कोणी पळवली, तिच्या आतली, ओळख पटवणारी गुप्त आकड्यांची किल्ली काढली आणि तिच्या तोंडून खोटे आकडे वदवले तर? धाकट्याने त्याचाही विचार केला होता. प्रत्येक डबी शेजारणींवर लक्ष ठेवते. तीन शेजारणींनी एकीला खोटं ठरवलं की ती फितूर. तिचं बोलणं तिथेच तोडायचं, मग कोणी तिचं ऐकायचं नाही.

"आमच्या सोसायटीतही असंच चालतं," कूलिंगचे मिस्त्री मला म्हणाले होते, "फक्त तिथे डब्या लागत नाहीत."

झालं होतं ते असं. मागच्या भिंतीकडच्या अकरा नंबरच्या डबीने शून्याखालचं तापमान सांगायला सुरुवात केली. दहा, बारा आणि तेरा या तिच्या शेजारणी म्हणाल्या, छे, इथे तर चांगलं सहा अंश आहे. नियमाप्रमाणे अकरा फितूर ठरली. फितूर डबी काढून आणायची, पुसून कोरी करायची आणि नवी किल्ली भरायची, हा पुढचा नियम. आठवड्याभराने धाकट्याने मिस्त्रींना ती आणायला आत पाठवलं, तर हुक रिकामा. डबी गायब. कोणीतरी डब्यांशी छेडछाड करतंय असं सगळ्यांनी धरलं आणि तिच्या तिन्ही शेजारणी तपासायला माझ्या टेबलावर आल्या.

ताईंनी मला सगळं शांतपणे सांगितलं, पण त्यांच्या हातातलं पेन सारखं उघडझाप होत होतं. मागच्या मांडणीवरच्या नव्या मालातले काही खोके आरोग्य केंद्रांवर गेले होते. सोमवारी तिथे लसीकरण होतं. ही लस एकदा गोठली की वितळल्यावर आधीसारखीच दिसते, पण निकामी झालेली असते. मूल सुई टोचून घेतं, रडतं, आई निर्धास्त होते, आणि संरक्षण काही मिळत नाही. अकरा खरं बोलत असेल तर माल परत बोलवायला हवा. ती खोटं बोलत असेल तर चांगला माल फुकट जाणार, मुलांची पाळी चुकणार आणि अण्णांनी उभ्या आयुष्यात कमावलेल्या नावाला बट्टा लागणार.

"निर्णय अण्णांचा," ताई म्हणाल्या. "आणि अण्णा म्हणतायत, बघू."

"कधीपासून?"

"त्यांचं जन्मापासूनच तसं आहे. माझ्या बारशालासुद्धा बघू म्हणाले असणार, म्हणून मी अजून ताईच आहे."

त्या हसल्या नाहीत. मी पुन्हा बारा नंबरची डबी उचलली आणि उलटी केली. पाठीला खाकी चिकटपट्टीचा एक तुकडा होता, एक टोक नीट आत दुमडलेलं. हुकाला टांगायच्या डबीला चिकटपट्टी कशाला लागते, हे मला समजलं नाही. तसं त्या सकाळी मला बरंच काही समजलं नव्हतं.

२

धाकटा ऑफिसात पडद्यासमोर बसला होता. गळ्याभोवती मफलर, शेजारी इनहेलर. गार हवेत गेलं की त्याला दम लागतो. डब्या त्याने स्वतःच बसवल्या होत्या, पण मांडण्या रिकाम्या आणि खोली गरम होती तेव्हा. त्यानंतर तो आत गेला नव्हता. जायची गरजच काय, म्हणाला, सगळं इथे दिसतं.

मी त्याला एकच गोष्ट मागितली. आकडा शेजारणींमार्फत येत असला, तरी प्रत्येक डबी बोलते तेव्हा तिचा मूळ आवाजही मुख्य यंत्राला ऐकू येतो; तो किती मोठा, त्याचा आलेख. तापमानाची कोणी बतावणी करू शकेल, पण बिनतारी संदेशाचा जोर सहजासहजी लपत नाही.

तो आलेख त्याने स्वतःही कधी उघडला नव्हता. उघडला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. अकराचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच होता, बारीक, लांबून आल्यासारखा. दहा, बारा आणि तेरा यांचा मात्र एका सकाळी अचानक वाढला होता आणि वाढलेलाच राहिला होता. अकराने शून्याखालची भाषा सुरू करण्याच्या थोडंच आधी.

"म्हणजे या तिघी बदलल्या," तो हळूच म्हणाला. "कोणीतरी नकली डब्या आणून ठेवल्यात. जास्त ताकदीच्या."

"पण त्यांच्याकडे तुमच्याच किल्ल्या आहेत."

"मग खऱ्या डब्या उघडून किल्ल्या चोरल्या."

"उघडलेल्या नाहीत. आणि नंबर तुमच्याच हातचे आहेत ना?"

त्याने तिन्ही डब्या हातात घेऊन पाहिल्या. नंबर त्याच्याच हातचे होते, तिरपे कोरलेले. तो मान हलवत राहिला. फितूर ठरली ती अकरा आणि आवाज बदलला तो बाकीच्यांचा. खोटं नेमकं कोण बोलत होतं, हे आता त्यालाही सांगता येईना. शेवटी तो मिस्त्रींवर घसरला. मागच्या भिंतीवरच्या, गार हवा फेकणाऱ्या ब्लोअरचा पंखा मिस्त्रींनीच बदलला, आत एकटे तेच असतात, अकरा आणायला तेच गेले आणि रिकाम्या हाताने आले. अण्णाही रोज सकाळी आत एक फेरी मारतात म्हणे, पण ते या डब्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. 'तुझी खेळणी' म्हणतात. घरात या विषयावर बोलणं बंद होऊन बरेच दिवस झाले होते.

मिस्त्री माझ्या प्रश्नांनी दुखावले. "पंखा बदलला, लपवून नाही बदलला. पण मशीन किती चालवायचं ते मी ठरवत नाही, मॅडम. त्या डब्याच ठरवतात. सगळ्या डब्यांची सरासरी निघते. डब्या म्हणाल्या गरम होतंय, की मशीन जोरात. आता तर उसंतच घेत नाही."

"म्हणजे डब्यांना खोली गरम वाटतेय?"

"त्यांना वाटतेय. मला आत गेलो की दात वाजतात."

मी त्यांच्याबरोबर आत गेले. दाराजवळ गारवा साधाच होता. दार सारखं उघडतं, गाड्या भरल्या जातात. मागे जाता जाता मात्र चष्म्याची काच झोंबू लागली. मागच्या मांडणीवर चार हुक रिकामे दिसले. एक अकराचा, आणि बाकीचे तीन अर्थातच माझ्या टेबलावर पडलेल्या डब्यांचे. मी तशी नोंद केली आणि बाहेर आले.

दार लावताना मिस्त्री म्हणाले, "मॅडम, एक विचारू? माझ्या पोरीची सोमवारी पाळी आहे. पहिलीच लस. द्यायची का नाही?"



३

अण्णांची खोली वरच्या मजल्यावर होती. टेबलावर सगळं रांगेत: चष्म्याचं घर, कात्री, चिकटपट्टीचं रीळ. कोपऱ्यात पत्र्याची एक जुनी बर्फपेटी होती. अण्णा सायकलवर ती बांधून गावोगाव औषधं पोहोचवत असत. त्यांनी झाकण उघडून दाखवलं. आत दोरीला बांधलेला थर्मामीटर अजून होता. उतरवून घेताना आधी पेटीतला आकडा बघायचा आणि मगच औषध हातात द्यायचं, अशी त्यांची शिस्त.

त्या पेटीबद्दल ते खुलून बोलले. डब्यांचा विषय निघाला तेव्हा तोंड मिटलं. मी सरळ विचारलं, "तुम्ही कधी एखादी डबी उघडली?"

"मी कशाला उघडू? मला त्यातलं काय कळतंय?"

ते खरं बोलत होते. खोटं बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक तयारी असते, ती त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती.

तपासणीसाठी मला काही कुप्या लागणार होत्या. त्यांनी स्वतः खाली येऊन त्या काढून दिल्या. दोन मागच्या मांडणीवरच्या, एक दाराजवळची. दाराजवळ लवकर मुदत संपणारा माल होता. तो पुढे आणून ठेवायचा आणि आधी बाहेर काढायचा, हेही अण्णांच्याच शिस्तीतलं. प्रत्येक कुपीला त्यांनी कागदाची चिठ्ठी लावली आणि चिकटपट्टीचं टोक आत दुमडलं.

"म्हणजे काढताना नख मोडत नाही," ते म्हणाले.

मी कुप्या घेतल्या. जिन्यापर्यंत आले आणि तिथेच उभी राहिले.

४

पण आधी अकरा सापडायला हवी होती आणि ती कोणाकडे आहे तेही मला तिथेच, जिन्यावर, कळलं. कळायला उशीर झाला, इतकंच.

ताईंनी मला पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "त्या बिचारीला गप्प केलं, तरी ती पुढचा आठवडाभर उणेच दाखवत होती." मी ते तसंच ऐकून घेतलं होतं. आता जिन्यावर उभी राहून विचार केला, की डबी फितूर ठरल्यावर तिचं कोणीच ऐकत नाही. मुख्य यंत्रात तिचा पुढचा एकही आकडा नाही. मग आठवडाभर ती काय दाखवत होती, हे ताईंना कुठून कळलं? डबीला एक बारीक काच असते. बटण दाबलं की साठवलेले आकडे दिसतात. त्यासाठी डबी हातात असावी लागते.

ताई स्वयंपाकघरात होत्या. मी काही बोलायच्या आतच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फळीवरून पिठाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली अकरा नंबरची डबी बाहेर आली.

"त्याने ती पुसून टाकली असती," त्या म्हणाल्या. "नियमच आहे त्याचा. मला एवढंच वाटलं, की हिला जे म्हणायचंय ते कोणीतरी ऐकून तर घ्या."

"सांगितलं का नाही?"

"कोणाला? भावाला सांगितलं तर म्हणणार, तुझा माझ्या कामावर विश्वास नाही. अण्णांना सांगितलं तर..."

"बघू," मी म्हणाले. या वेळी त्या हसल्या, आणि डोळे पुसले. गालाला पीठ लागलं.

डबीच्या काचेवर उणे आकड्यांची रांग होती. पण याने काहीच सिद्ध होत नव्हतं. फितूर ठरलेल्या साक्षीदाराने स्वतःच्या बाजूने दिलेली साक्ष, तिला किती मान द्यायचा? एकीकडे एक डबी, दुसरीकडे तीन. मला असा साक्षीदार हवा होता, ज्याला किल्ली नाही आणि शेजारीही नाहीत.

५

मागच्या मांडणीवरच्या दोन कुप्यांपैकी एक मी त्यांच्या वरच्या घरातल्या फ्रीजरमध्ये मुद्दाम पार गोठवली आणि वितळू दिली. दुसरी जशीच्या तशी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. तिन्ही कुप्या एकदम हलवल्या आणि खिडकीशी टेबलावर उभ्या केल्या. तिन्ही सारख्याच गढूळ, पातळ दुधासारख्या.

मी त्यांना सांगितलं की न गोठलेली लस बराच वेळ अशीच गढूळ राहते. गोठून गेलेलीत बारीक गुठळ्या होतात, त्या लवकर तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळतं. आता फक्त बसून राहायचं.

बसून राहिलो. ताईंचं पेन उघडझाप होत होतं. धाकटा कुप्यांकडे न पाहता पडद्याकडे पाहत होता, तिथे काही नव्हतं तरी. मिस्त्री दाराला टेकून उभे. अण्णा हात मांडीवर ठेवून बसले होते.

पहिल्यांदा निवळली ती मी मुद्दाम गोठवलेली. वर काचेसारखं पाणी, तळाशी पांढरा थर. तिच्या पाठोपाठ दुसरी निवळू लागली, मागच्या मांडणीवरून जशीच्या तशी आणलेली. थोड्या वेळाने त्या दोन कुप्यांत फरक सांगता येईना. दाराजवळची तिसरी अजून दुधासारखीच होती.

"अकरा खरं बोलत होती," ताई म्हणाल्या.

"मग त्या तिघी खोट्या," धाकटा उठला. "कोणी केलं हे? किल्ल्या कुठून मिळाल्या?" तो मिस्त्रींकडे वळला होता.

"बसा," मी म्हणाले. "त्या तिघीही खरंच बोलत होत्या."

मला हे कळायला इतका वेळ लागला, कारण आम्ही सगळे चोर शोधत होतो. उघडलेली झाकणं, चोरलेल्या किल्ल्या, नकली डब्या. जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता, तो मी आत्ता विचारला. मिस्त्रींना म्हटलं, तुम्ही या तीन डब्या मला आणून दिल्या, तेव्हा त्या कुठे होत्या?

"दारापाशी," मिस्त्री म्हणाले. "पुढच्या खोक्यांना चिकटवलेल्या होत्या."

धाकटा त्यांच्याकडे पाहतच राहिला. "दारापाशी? त्या मागच्या भिंतीच्या आहेत."

"मला काय माहीत कुठल्या आहेत? तू म्हणालास दहा, बारा, तेरा आण. नंबर बघून आणल्या."

ताईंना अकरा काढताना शेजारचे हुक रिकामे दिसले होते. त्यांना वाटलं, भावाने नेल्या असतील. मला वाटलं, त्या माझ्या टेबलावर आहेत म्हणून हुक रिकामे आहेत. भावाला वाटत होतं, डब्या जागेवरच आहेत. एकमेकांशी कोणी बोललं असतं तर मला बोलवावंच लागलं नसतं.

डब्या दाराजवळ आल्या, म्हणजे ऑफिसातल्या मुख्य यंत्राच्याही जवळ आल्या. म्हणून त्यांचा आवाज मोठा झाला. दाराजवळ हवा ऊबदार, म्हणून सरासरी वाढली, म्हणून मशीन जोरात चालू लागलं आणि ब्लोअरसमोरचा माल गोठला. एकटी अकरा तिथे उरली होती. तिने ते सांगितलं. जाळ्याच्या हिशेबात त्या तिघी अजून तिच्या शेजारी होत्या, म्हणून तिघींनी मिळून तिला फितूर ठरवलं. ती गप्प झाल्यावर सरासरी आणखी वाढली आणि मशीन आणखी जोरात चाललं. चार प्रामाणिक डब्या, आणि त्यांच्यापैकी एकीचंही चुकलं नव्हतं.

"पण हलवल्या कोणी?" धाकट्याने विचारलं.

मी बारा नंबरची डबी उलटी करून टेबलावर ठेवली. शेजारी निवळलेली कुपी ठेवली, चिठ्ठीसकट. खाकी चिकटपट्टीचे दोन तुकडे, दोन्हींची टोकं आत दुमडलेली.   त्या घरातल्या प्रत्येक बाटलीवर, प्रत्येक पाकिटावर तसंच टोक होतं.

ताईंचं पेन थांबलं.

अण्णांनी डबी उचलली. टोकावरून नख फिरवलं. 

"जुना माल पुढे आणला," ते म्हणाले. "त्याच्याबरोबर त्याचा थर्मामीटरही आणला. औषध जाईल तिथे थर्मामीटर जातो. मागे कसा ठेवणार?"

"अण्णा, तो औषधाचा नाही, जागेचा आहे," धाकटा म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मी जागा मोजत होतो."

"मला कधी सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत? खेळणी म्हणायचात."

"खेळणी म्हणायचो," अण्णांनी मान हलवली. "पण बरोबर न्यायचो ना."

 शेजारी मशीनची घरघर चालू होती. मिस्त्री दारातून दोन पावलं आत आले आणि मला विचारलेला प्रश्न त्यांनी आता योग्य माणसाला विचारला. "अण्णा, माझ्या पोरीला सोमवारी देऊ का नको?"

मला वाटलं, अण्णा आता त्यांचा तो शब्द म्हणणार. ताईंनाही वाटलं असावं, त्यांनी मान खाली घातली होती.

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. "मला वाटत होतं, तुझ्या जाळ्याचंच काहीतरी चुकलंय. माल परत बोलवला असता तर सगळीकडे तुझं नाव बदनाम झालं असतं. पोराने नवीन काहीतरी केलं आणि बापाचं दुकान बुडवलं. म्हणून म्हटलं, बघू. कदाचित अकराचं म्हणणं खरं नसेलही." त्यांनी डबी खाली ठेवली, अगदी हलक्या हाताने. "तुझं चुकलं असतं तर अजूनही बघूच म्हणालो असतो. माझं आहे म्हटल्यावर सोपं झालं."

त्यांनी ताईंपुढे हात केला. "पहिल्या केंद्राला फोन लाव."

ताईंनी नंबर लावला. पलीकडून आवाज येताच फोन त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून, म्हणाले:

"मी स्वतः बोलतोय. आमच्या नव्या मालातली एकही कुपी कुठल्याही मुलाला देऊ नका. चूक माझ्या हातची आहे. सगळा माल परत पाठवा."